इंचाला सव्वीस आटे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे भिंतींना चुना, आणि दुसरी म्हणजे माझ्या लोखंडी पेटीवरून होणारा वाद. चुना दोन दिवसांत आटोपतो. वाद मात्र लक्ष्मीपूजनापर्यंत पुरतो.

"अहो, हे भंगार यंदा तरी काढा," सौभाग्यवती म्हणतात. "गोंदियाचा भंगारवाला रस्त्यावरून ओरडत चालला आहे. देऊन टाका त्याला. तेवढ्यात चार पणत्या येतील."

मी नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखे करतो, पेटी उचलून अंगणात नेतो, आतले सामान जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडतो आणि रॉकेलऐवजी आता मिळेल त्या तेलाने एकेक नग पुसू लागतो. यंदाही तसेच केले. पण यंदा पुसताना एका नगाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेनेच हा लेख लिहायला लावले.

पेटीत आहे तरी काय, असे वाचक विचारतील. सोने नाही, नाणी नाहीत, जुन्या पोथ्याही नाहीत. पेटीत सायकलीचे पाने आहेत. पुस्तकाची पाने नव्हेत, नट आवळायचे आणि सैल करायचे पाने! तेही आजच्या दुकानात मिळतात तसले नव्हेत. एकाच पोलादी पट्टीला आठ-दहा भोके आणि खाचा पाडलेल्या, एकट्याने सगळी सायकल खोलू शकणारे, आणि ज्यांचे कारखाने केव्हाच थंडावले असे पाने. केशोरीच्या आठवडी बाजारापासून वडशापर्यंत आणि अर्जुनीपासून गोंदियापर्यंत भंगाराच्या ढिगांत हात घालून मी ते वीस वर्षांत जमवले. मोजून एकतीस होते. आता तीस आहेत.

हा नाद मला लागला तो वडिलांमुळे. वडील तेंदूपानाच्या फडीवर मुन्शी होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात या फडीवरून त्या फडीवर जायचे, पुडे मोजायचे, हिशेब लिहायचा आणि दिवस मावळता घरी यायचे. हे सगळे एका दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या बीएसए सायकलीवर. ती सायकल बर्मिंगहॅमची. तिच्या बैठकीमागे चामड्याची एक छोटी पिशवी लटकलेली असे आणि पिशवीत एक चपटा पाना. पान्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह कोरलेले. लहानपणी मला वाटे, हा पाना पोलिसांचा असावा!

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. तशाच एका मंडईहून आम्ही परतत होतो. मी पुढच्या दांडीवर, आई मागे कॅरिअरवर धाकट्याला घेऊन. पहाटेचा तीनचा सुमार, चंद्र केव्हाच मावळलेला, दोन्ही बाजूंना कापणीला आलेले धान आणि त्यापलीकडे जंगल. एका उतारावर चेन उतरली आणि मागचे चाक कलून अडकले. वडिलांनी सायकल आडवी केली नाही. उलटी करून हँडल आणि बैठक यांवर उभी केली. पिशवीतून पाना काढला. उजेड नव्हता. त्यांनी अंगठ्याने पान्यावरची भोके चाचपली, हवे ते भोक सापडताच ते नटावर बसवले, चाक मागे ओढले, चेन ताणली आणि नट आवळला. काडीदेखील ओढावी लागली नाही. आई म्हणाली, "दिसते तरी का हो?" ते म्हणाले, "हाताला दिसते."

हाताला दिसते, हे तेव्हा मला नुसते गमतीचे वाटले. पुढे पाने जमवू लागलो, त्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा कळले की वडिलांच्या हाताला जे दिसत होते त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा होता. तो थोडक्यात सांगतो.

सायकलीचा जन्म १८१७ सालचा. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांचे लाकडी वाहन केले. पण त्याला पायडल नव्हते. जमिनीला पायांनी रेटा देत पुढे सरकायचे. १८६० नंतर पॅरिसला पुढच्या चाकाला पायडल आले. मग वेग वाढवावा म्हणून पुढचे चाक मोठे मोठे होत गेले आणि बसणारा छातीएवढ्या उंचीवर जाऊन बसला. पडला तर तोंडावरच! या सगळ्या सायकलींना पाना असून नसून सारखाच. बिघडली तर लोहाराकडे न्यायची.

पान्याची गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली ती दोन शोधांमुळे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, आणि मागचे चाक चेनने फिरणारे. आजची सायकल ती हीच. परंतु चेन म्हटली की ती वापराने सैल होणार. सैल झाली की मागचे चाक थोडे मागे ओढून ताणावी लागणार. आणि चाक ओढायचे तर दोन्ही बाजूंचे नट सोडावे लागणार. मग १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवा भरलेला टायर केला. बसणाऱ्याची हाडे वाचली, पण जगात पंक्चर नावाची नवी आपत्ती आली. पंक्चर काढायचे म्हणजे पुन्हा चाक सोडणे आले. थोडक्यात, चेनने आणि हवेने मिळून सायकलस्वाराच्या हातात पाना दिला. घोडेस्वाराला मोतद्दार ठेवता येत होता. सायकलस्वाराला स्वतःच मोतद्दार व्हावे लागले.

आता अडचण अशी की त्या काळी प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा. नटाच्या आत जी वळसेदार खाच असते तिला आपल्याकडे आटे म्हणतात. एका कारखान्याचे आटे दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसत. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने १८४१ सालीच आट्यांचे एक माप सुचवले होते, पण ते मोठ्या यंत्रांसाठी. सायकलीच्या बारीक आणि सतत हादरे खाणाऱ्या बोल्टांना ते जाड पडे. नट आपोआप सुटत. अखेर १९०२ साली तिथल्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने सायकलीपुरते स्वतंत्र माप ठरवले. बहुतेक सगळ्या बोल्टांना, मग ते जाड असोत की बारीक, इंचाला सव्वीस आटे. आटे बारीक असले की नट एका फेऱ्यात थोडाच पुढे सरतो, पण पकड घट्ट धरतो. हादऱ्यांना तो दाद देत नाही.

हा निर्णय कोरडा वाटेल. परंतु माझ्या मते सायकलीच्या इतिहासात याच्याइतका मोठा निर्णय दुसरा झाला नसेल. कारण माप एक झाले म्हणून पाना एक झाला. बंदुका करणारी बीएसए कंपनी बर्मिंगहॅमला १८६१ साली निघाली; ती सायकलीकडे वळली आणि नुसत्या सायकली न विकता सायकलीचे सुटे भाग इतर कारखान्यांनाही विकू लागली. त्यामुळे ज्या सायकलीवर बीएसएचे नाव नाही तिच्याही पोटात बीएसएचे माप गेले. अपवाद होतेच. नॉटिंगहॅमच्या रॅलेने काही भागांत आपले माप निराळेच ठेवले, आणि आजही जुन्या रॅलेचा मधला कप बदलताना चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्या कपाळाला घाम येतो.

त्या दिवसांत नवी सायकल घेतली की तिच्याबरोबर पाना, टायर काढायच्या पट्ट्या, तेलाची छोटी कुपी आणि पंप मिळे. पाने दोन घराण्यांचे. एक चपटे घराणे, म्हणजे पोलादी पत्र्यातून ठोकून काढलेला, माशासारखा दिसणारा पाना. त्याला पुढच्या नटाचे भोक, मागच्या नटाचे भोक, बैठकीच्या नटाचे भोक, पायडलसाठी खाच, आणि तारा आवळण्यासाठी बारीकशी चीर. दुसरे घराणे डंबेलचे. व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी मध्ये दांडी आणि दोन्ही टोकांना दोन गोळे. प्रत्येक गोळ्याला भोवताली निरनिराळ्या मापांची भोके. डंबेल मजबूत खरा, पण जाड. जिथे जागा अरुंद तिथे तो शिरत नाही. चाकाच्या कोनला हात घालायचा तर चपटाच पाना हवा. वडिलांचा पाना या चपट्या घराण्यातला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ज्या १८८८ सालाने डनलॉपचा टायर दिला त्याच साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले, असे किर्लोस्कर उद्योगाचा इतिहास सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ शिक्षक होते. म्हणजे एका शिक्षकाचा हात पान्याला लागला! सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. पुढे १८९२ साली अमेरिकेत डेटन गावी राईट बंधूंनी असेच सायकलींचे दुकान उघडले. ही दोन दुकाने एकमेकांना अर्थातच ठाऊक नव्हती. पण गंमत पाहा. १९०३ साली राईट बंधूंनी विमान उडवले, आणि त्याच १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. राईट बंधूंच्या विमानाचे पंखे सायकलीसारख्याच चेनने फिरत होते, आणि त्याचे इंजिन त्यांच्या सायकलीच्या दुकानातल्या मिस्त्रीने घडवले होते. एका दुकानातून विमान निघाले, दुसऱ्यातून नांगर. आकाश आणि जमीन, दोन्ही सायकलीच्या दुकानाने जिंकली असे म्हटले तर ती नुसती अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, हे सर्वांना ठाऊकच आहे.

यात मला एकच गोष्ट दिसते. ज्याच्या हाती पाना आहे आणि तो वापरण्याची ज्याला लाज नाही, तो बिघडलेल्या वस्तूपुढे हात जोडून बसत नाही. ती उघडून पाहतो. उघडून पाहणाऱ्यालाच नवे सुचते.

याच धैर्याचे दुसरे उदाहरण मुंबईचे. १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली मुंबईला परतले. इराण, इराक, सिरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन! या वाटेवर कुठे आला असेल कोपऱ्यावरचा सायकल मिस्त्री? स्वतःची सायकल स्वतः खोलता-जोडता आल्याशिवाय असला प्रवास पुरा होत नाही.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली विलायतेतून येत. १९३९ च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, १९४९ साली मद्रासजवळ टी. आय., १९५१ साली सोनीपतला ॲटलस, १९५६ साली लुधियानाला हिरो. सायकल घराघरात गेली. लग्नात जावई सायकल, घड्याळ आणि रेडिओ या तीन गोष्टींसाठी रुसू लागला! शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पितळी बिल्ला देऊ लागल्या. पुणे तर सायकलींचे शहरच ठरले.

सरकारने १९५६ साली वजनामापांचा नवा कायदा केला. १९५७ साली आणे-पै जाऊन नवे पैसे आले. शेर जाऊन किलो आला, कोस आणि मैल जाऊन किलोमीटर आला. सगळा देश दशमान झाला. परंतु साध्या काळ्या सायकलीच्या पोटातले माप मात्र बदलले नाही. लुधियानाच्या गल्लीतला कारागीर बोल्टावर इंचाला सव्वीसच आटे पाडत राहिला, कारण लाखो सायकली त्याच मापाच्या होत्या आणि त्यांना सुटा भाग मिळायला हवा होता. इंग्रज गेले, त्यांचे राज्य गेले, पण त्यांचे आटे राहिले!

कारखाने मात्र राहिले नाहीत. बीएसएचा सायकलींचा धंदा १९५७ साली रॅलेच्या हाती गेला, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत बंदुका आणि मोटारसायकली करणारी मूळ कंपनीही मोडीत निघाली. नाव तेवढे आपल्याकडच्या सायकलींवर उरले. हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने डबघाईला आले तेव्हा १९८० साली संसदेने कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तरी ते पुढे बंद पडलेच. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचे काम २०२० साली थांबले, आणि तेही नेमके ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. दैव कधी कधी फार क्रूर थट्टा करते.

पाना त्याच्याही आधी गेला. चौकाचौकांत मिस्त्री झाले तेव्हा लोकांना वाटले, आपल्याला पाना कशाला? मग कारखानदारांना वाटले, लोकांना नको तर आपण तरी का द्यावा? बैठकीमागची चामड्याची पिशवी गेली, तिच्यातला पाना गेला. गिअरच्या सायकली आल्या आणि त्यांच्याबरोबर षटकोनी काडीसारखी ॲलन चावी आली. अमेरिकेतील ॲलन नावाच्या कारखानदाराने १९१० साली पेटंट घेतलेला हा प्रकार; बोल्टाच्या डोक्यात षटकोनी खड्डा आणि त्यात बसणारी चावी. आता चाकूसारख्या घडीच्या चाव्यांचे जुडगे मिळतात. सुबक असतात, पण बाबांच्या सायकलीच्या नटाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

परदेशांत या जुन्या, बंद पडलेल्या हत्यारांचे शौकीन पुष्कळ आहेत. फ्रान्समधील माफाक हा ब्रेक करणारा कारखाना एका चिमुकल्या पाकिटात पाने घालून देत असे. कारखाना बंद झाला आणि पाकीट संग्राहकांच्या कपाटात गेले. अमेरिकेत १९९० च्या सुमारास निघालेल्या कूल टूल नावाच्या हत्याराचेही तसेच. आपल्याकडे पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले. ते २०१७ साली लोकांना खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बीएसएने केलेली घडीची सायकल, जुने दिवे, पंप, हत्यारे यांचा तो संसार आहे. पुण्याला जाणाऱ्या वाचकांनी मुलाबाळांना घेऊन तो अवश्य पाहावा.

माझी पेटी म्हणजे त्या संग्रहालयापुढे काजवा. पण पेटी पुसताना माझ्याही मनात संग्राहकाचा लोभ येई. हा दुर्मिळ, तो त्याहून दुर्मिळ. वडील गेल्यावर त्यांचा बीएसएचा पाना मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवला. वापरायचा प्रश्नच नव्हता. आमच्या बाजारातले म्हातारे सायकल मिस्त्री एकदा घरी आले होते. त्यांना मोठ्या अभिमानाने पेटी दाखवली. त्यांनी पाना हातात घेतला, तोलून पाहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "काहून जी मास्तर, पाना का पेटीत ठेवाले रायते? हा तं फिरवाले रायते!" मी हसलो. मनातून मात्र थोडा रागावलो.

पुढच्याच पावसाळ्यात मिस्त्री गेले. त्यांच्या मुलाने मोटारसायकलींचे काम धरले. सायकलीकडे बघायला त्याला वेळ नाही. आणि त्याचेही खरेच आहे, त्याला घर चालवायचे आहे.

आमच्या शाळेत आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुली येतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हापासून सातवीनंतर चुलीपाशी बसणाऱ्या कितीतरी मुली वर्गात येऊन बसू लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण सायकल दिली म्हणजे काम संपले असे नाही. ती बिघडते. आणि बिघडलेली सायकल भिंतीला टेकली की चार दिवसांनी मुलगीही घरीच टेकते.

गेल्या श्रावणात आठवीतली एक मुलगी अशीच सहा दिवस आली नाही. सातव्या दिवशी चिखल तुडवीत पायी आली. विचारले, तर म्हणाली, "सर, मागचं चाक डुलते. बाबा म्हणते, आता राहू दे. धान लावाले माणसं पाहिजेतच."

त्या "राहू दे"चा अर्थ मला कळला. तो एका चाकापुरता नव्हता.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. कोन सैल झाला होता, एवढेच. घरून नेलेला नवा जाड पाना कोनच्या खाचेत शिरेना. डंबेल तर शिरणेच शक्य नव्हते. काय हवे ते मला माहीत होते आणि ते कुठे आहे तेही. दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळाचा पाना काढला.

तो कोनवर असा बसला की जणू त्याच सायकलीसाठी केला होता! लुधियानाची मुलींची सायकल आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मापाचा बर्मिंगहॅमचा पाना, यांची ओळख जुनीच निघाली. मी मुलीलाच बसवले. चाक काढायला लावले. मागच्या चाकात एका बाजूला पाव इंचाचे नऊ छर्रे असतात, ते मोजायला लावले. एक फुटलेला निघाला. ग्रीस भरले. कोन किती आवळायचा, याचे काही पुस्तकी माप नाही. चाक डुलू नये आणि अडूही नये, या दोहोंमधली जागा हाताने शोधायची. तिने तीनदा चुकवले, चौथ्यांदा जमवले. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, ते उलट्या दिशेने सोडायचे, नाहीतर आटेच उडतात, हेही सांगितले. तिचे वडील दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ती वर्गात होती.

मग त्या वस्तीवरच्या इतर चार मुलींच्या सायकली निघाल्या. पाना मी तिच्याकडेच राहू दिला. आठवड्याने परत आण म्हणालो.

आठवड्याने ती आली ती खाली मान घालून. धानाच्या बांध्यांमधून येताना चेन उतरली होती. तिने पाना काढून ती चढवली. आणि पाना बांधावर राहिला की बांधीत पडला, काही कळेना. घरच्यांनी, मैत्रिणींनी गुडघाभर चिखलात दोन दिवस शोधले. सापडला नाही.

वाचकांशी खोटे का बोलू? माझ्या पोटात कालवले. तो वडिलांचा हात होता. पहाटेच्या अंधारातला तो अंगठा होता. मी काहीतरी कठोर बोललो असतो. पण तिच्या हातांकडे लक्ष गेले. नखांत ग्रीस होते. धुऊनही न गेलेले. मी एवढेच विचारले, "चेन चढली का?"

"हो सर. एकटीनं चढवली."

पुढच्या बाजाराला तिने स्वतः जमवलेल्या पैशांतून एक पाना आणून माझ्या टेबलावर ठेवला. पत्र्यातून ठोकलेला, कडा नीट घासलेल्याही नाहीत, नावगाव काही नाही. हातात घेतला आणि पाहत राहिलो. आकार तोच माशाचा. पुढच्या नटाचे भोक, मागच्या नटाचे भोक, पायडलची खाच, तारांची चीर. कुठल्या तरी अनामिक लोहशाळेत कोणीतरी जुन्या पान्यावरून साचा उतरवला असेल, त्या साच्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. बंदुकांचे चिन्ह वाटेत गळून पडले. कामाचा आकार तेवढा पुढे आला. मी वीस वर्षे चिन्ह जमवीत होतो. आकार बाजारात रोज विकला जात होता आणि माझे तिकडे लक्षच नव्हते.

तो पाना मी घेतला नाही. तिच्या सायकलीच्या बैठकीमागे एक जुनी चामड्याची पिशवी बांधून दिली, तिच्यात तो ठेवला. आता शनिवारी शाळा सुटल्यावर वडाखाली आमचा एक वर्ग भरतो. पेटी उघडी असते. ज्याला जो पाना लागेल तो घ्यावा, काम करावे, पुसून ठेवावा. दोन पाने वाकले आहेत, एकाचा जबडा फाकला आहे. संग्राहकाच्या दृष्टीने माझ्या संग्रहाची किंमत निम्म्यावर आली आहे. त्या वस्तीवरच्या पाचही मुली मात्र नियमाने शाळेत येतात.

हे सगळे यंदा अंगणात पाने पुसताना सौभाग्यवतींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ती रिकामी जागा रिकामीच ठेवा."

धान आता कापणीला आले आहे. बांध्या कोरड्या होत आहेत. कोणाच्या विळ्याला किंवा पुढे नांगराला तो पाना लागेलही. ज्याला सापडेल त्याला तीन बंदुकांचे चिन्ह ओळखू येईल की नाही, सांगता येत नाही. त्याने तो मला आणून द्यावा अशी आशा मी धरत नाही. मात्र त्याच्या घरी सायकल असेल, तर त्याने तो एकदा नटावर लावून पाहावा. गंज चढला असला तरी बसेल. इंचाला सव्वीस आटे अजून तेच आहेत.